अकरावा रकाना

नोंदवहीत एकूण सोळा रकाने.
पहिल्यात नाव. दुसऱ्यात पेठ, गल्ली,
नाहीतर नुसतंच ‘मारुतीच्या देवळामागं’.
अकराव्यात, बाई आली त्या दिवशी
आजार किती पुढे गेला होता :
एक, दोन, तीन, चार.
सात वर्षं भरतेय.
माझ्या पेनाला तीन लिहायची सवय लागलीय.

व्यंकम्मा गाजूल, विडी घरकुल, तीन.
मांडीवर सूप, सुपात पानं, बोटं थांबत नव्हती.
वर्षभर अंगावरनं जात होतं म्हणाली.
‘मग आला का नाहीत?’
‘पान भिजवून ठेवलेलं असतंय की ओ.
दवाखान्यात दिवस गेला तर वाळतंय ते.
पगार कापतेत.’
या कारणाला वहीत रकाना नाही.
मी समासात लिहिलं : पान वाळतं.
मग पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी,
समास भरून गेला.

आणि सीनेपल्याडची ती चार गावं,
जिथं दरवर्षी शून्य.
नवे साहेब खूश झाले, म्हणाले, तिकडची हवा चांगली दिसते.
मी गेले. जीप ओढ्याशी थांबते,
ड्रायव्हर तिथूनच हॉर्न वाजवतो,
आजवर प्रत्येक पाहणी तिथूनच परत फिरलेली.
चालत गेले. दुसऱ्याच घरात
एक म्हातारी पदर तोंडावरून काढेना.
मिश्रीची डबी अजून कनवटीला.
संध्याकाळपर्यंत कळलं,
त्या शून्यात सहा बायका राहत होत्या.

बैठक होती एप्रिलमध्ये, पंखा फिरत होता तो उपकार.
टॉवेल कारखान्याचे मालक मशीन द्यायला तयार,
फीत, पाटी, पाटीवर वडिलांचं नाव.
कुणीतरी म्हणालं, पोरांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी वॉर्ड काढू,
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.
त्यांना माहीत होतं.

गुरुशांत, वय एकोणीस, ओळ क्रमांक दोनशे बारा.
माझ्याच अक्षरात.
त्याच्या आडनावाशी पेन अडखळल्याचा डाग आहे,
बाकी ओळ इतरांसारखीच.

किती सोपं होतं हो म्हणणं.
घरी आईला सांगता आलं असतं.
पण बेरीज मीच केली होती, दोनदा,
दुसऱ्यांदा खालून वर,
काही चुकलं असेल या आशेनं.
मी उभी राहिले आणि मागितली
एक बॅटरी, कापूस, पडदा, दोन नर्स,
आणि व्हिनेगर.
चायनीजच्या गाडीवर असतं तेच.
मालक हसले. मी सांगितलं,
गर्भाशयाच्या तोंडाला ते लावलं
की बिघडू पाहणारी जागा मिनिटभरात पांढरी पडते.
दिसते. उघड्या डोळ्यांना.
तपासणी संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणाले,
विड्या मोजून दिल्यावर.
बसले तेव्हा गुडघे थरथरत होते.
भाऊ असता तर काय म्हणाला असता, ठाऊक नाही.
तो हिशेबात कच्चा होता.

मशीन आलंच. पाटीही.
नर्स मिळाल्या, तीन महिन्यांपुरत्या.

तेलुगू शाळेच्या मागच्या खोलीत
पहिल्या आठवड्यात एकसष्ट जणी.
पाच जणींना पांढरं दिसलं, लहान,
चौघींचं तिथंच जाळून टाकलं,
एक सासूला विचारून येते म्हणाली.
मी सवयीनं वही उघडली.
नर्स म्हणाली, ‘यांना कुठं कॅन्सर झालाय?
यांची नोंद कशी होईल?’

खरंच. होणार नव्हती.
आमचं जमलं, तर ही माणसं
माझ्या कुठल्याच रकान्यात कधी येणार नाहीत.
दहा वर्षांनी कुणी विचारलं, काय केलंत,
तर दाखवायला काय, कोऱ्या ओळी?
आणि त्या कोऱ्या का आहेत
हे तेव्हाही कुणाला तरी चालत जाऊन बघावं लागेल.

शेवटची बाई चप्पल शोधत होती.
नाव विचारलं. ‘पद्मावती,’ ती म्हणाली,
‘पद्मावती दुस्सा. लिहून घेतलंत?’
मी पेनाला टोपण लावलं.
‘नाही.’
‘बरं झालं,’ म्हणाली, आणि घाईनं निघाली,
पान भिजत घातलेलं होतं.